मेलेल्या ढोराचा पंचनामा

(प्रभादेवीतल्या एका चाळीच्या पटांगणात केलेलं भाषण)



तुम्ही म्हणाल, प्रभादेवीत ढोरांच्या रोगावर भाषण कशाला? इथं गाय दिसते ती देवळाबाहेर, गवताच्या पेंढ्या विकणाऱ्या बाईजवळ बांधलेली. दूध पिशवीतून येतं. खरंय. पण माझा आजा इथल्या गिरणीत लागला, तो गाव सोडूनच. का सोडलंत विचारलं की एवढंच सांगायचा, "मला कुणाचं ढोर ओढायचं नव्हतं."

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडला सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा. १९५८ च्या कायद्यानं महारवतनं गेली. कागदावरची महारकी संपली. गावाच्या डोक्यातली संपली का?

२०२२ चं ऐका. ऑगस्टमध्ये लम्पी जळगाव जिल्ह्यात आला, मग राज्यभर पसरला. डास, माश्या, गोचीड हा विषाणू पसरवतात. जनावराला ताप येतो, अंगभर गाठी येतात, दूध आटतं. माणसाला हा रोग होत नाही. सरकार हललं. गुरांचे बाजार बंद केले, शेळ्यांच्या देवीवरची लस गाईबैलांना फुकट टोचली. मेलेल्या गाईमागं ३०,००० रुपये, बैलामागं २५,०००, वासरामागं १६,००० जाहीर केले. चांगलं केलं. ज्याचा गोठा रिकामा झाला त्याला पैसा मिळालाच पाहिजे. माझं भांडण त्याच्याशी नाही.

माझा सवाल एवढाच, की ह्या हिशेबात आपण कुठं आहोत?

माझ्या चुलतीकडं वाट्यानं पाळलेली गाय होती. गाय बागायतदाराची, राबणं चुलतीचं. चारा, शेण, धार, सगळं तिचं. गाईला गाठी आल्या तेव्हा रात्र रात्र कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करत ती बसली. गाय गेली. पंचनामा मालकाच्या नावानं झाला, पैसे मालकाच्या खात्यात गेले. चुलतीच्या हातात दावं राहिलं.

पुढं ऐका. नियम सांगतो, मेलेलं जनावर उघड्यावर टाकू नका, खोल खड्डा घ्या, चुना टाका, पुरा. बरोबर आहे. पण निरोप कुठं आला? आमच्याच वस्तीत. "दोन पोरं पाठवा." चुलतभावानं विचारलं, मजुरी किती? हातमोजे कुठायत? तर म्हणे, "मजुरी कसली? तुमचं कामच हाय ते." तो गेला नाही. मग संध्याकाळी जेसीबी आला. म्हंजे मशीन होतंच! आपला माणूस फुकट मिळतो का, एवढंच आधी बघायचं होतं.

आणि जो हे काम करतो त्याचं काय होतं? २०१६ साली गुजरातेत उन्याला मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून मारलं. ओढलं तर मार, नाही ओढलं तर माजलात. तेव्हा सुरेंद्रनगरच्या लोकांनी मेलेली ढोरं कलेक्टर कचेरीपुढं नेऊन टाकली. तुमची माता, तुम्हीच उचला!

म्हणून आपलं मागणं साधं आहे. पंचनाम्यात दोन रकाने वाढवा. एक, जनावर सांभाळत कोण होतं? त्याचा वाटा त्याच्या खात्यात टाका. दोन, पुरलं कुणी? त्याला मजुरी, हातमोजे, मशीन द्या, आणि ते काम जातीवर नको.

सुट्टीत गावी जाल तेव्हा नुसती जत्रा खाऊन येऊ नका. पंचनाम्याचा कागद मागा, वाचा, वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा. आपल्या आज्यांनी ढोर टाकलं. आता कागद आपण उचलू.

जय भीम!