आम्लाची नळी आणि आपला ठिबक संच
(भाषणाचा सारांश)



रसायनांच्या कारखान्यात हायड्रोक्लोरिक आम्ल वाहून नेणारी नळी पुष्कळदा बाहेरून लोखंडी असते, पण आतून तिला प्लॅस्टिकचे अखंड अस्तर असते. लोखंडाने दाब सोसायचा आणि अस्तराने आम्ल, अशी ही वाटणी. अस्तराला सुईएवढे भोक पडले, तरी आम्ल लोखंडापर्यंत पोहोचते आणि नळी आतल्या आत खाल्ली जाते. साधे स्टेनलेस स्टीलही या आम्लापुढे टिकत नाही.

बुलडाण्याच्या शेतकऱ्याला हे कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण हेच आम्ल आपण ठिबक संचातून सोडतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागात, पाणी क्षारांचे. तोट्यांवर पांढरा थर बसतो, झाडे सुकतात. कार्बोनेटचा हा थर आम्लाने विरघळतो.

पीव्हीसी पाइप आणि काळ्या लॅटरलला पातळ आम्लाने काही होत नाही. पण सगळा संच काही प्लॅस्टिकचा नसतो! पंपाचा बिडाचा पंखा, जीआयची निपल, लोखंडी खतटाकी ही आम्लाची भक्ष्ये. सँड फिल्टरची टाकीही बहुधा लोखंडीच, आतून फक्त लेप दिलेली. तो लेप म्हणजे आपले अस्तर. हंगामापूर्वी झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात पाहा. पोपडे निघाले असतील तर आधी लेप करून घ्या. आम्ल पंपाच्या सक्शनमधून कधीही देऊ नका. सँड फिल्टरच्या पुढे, प्लॅस्टिकच्या व्हेंच्युरीतून द्या.

मात्रा शेजाऱ्याला विचारून ठरत नाही, कारण प्रत्येक विहिरीचे पाणी वेगळे. मोजलेल्या पाण्यात थोडे थोडे आम्ल टाकत सामू ४ होईपर्यंत किती लागले ते पाहा आणि त्यावरून हिशेब करा. शेवटच्या तोटीच्या पाण्याचा सामू ४ आला, की १० ते १५ मिनिटे तसेच चालू ठेवून संच २४ तास बंद ठेवा. नंतर लॅटरलची टोके उघडून स्वच्छ पाण्याने धुवा. मात्र आम्लाने तोट्या मोकळ्या होतात, खारे पाणी गोडे होत नाही.

प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी, मग आम्ल. उलट केल्यास ते उसळून अंगावर येते. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. शेवाळासाठी वापरायची ब्लीचिंग पावडर आम्लात कदापि मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू जीवघेणा आहे. डोळ्यात थेंब गेला तर किमान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने डोळा धुवा आणि लगेच दवाखाना गाठा.