यंत्र तेच, काठ वेगळा



कापसाला दुधाची जोड द्या, असं आपल्याला सांगतात. ज्वारीचा कडबा घरचा, म्हणून आपण देतोही. मग गावात दूध थंड करायचं यंत्र येतं. ते दुधातली उष्णता ओढतं आणि बाहेरच्या जाळीतून फेकतं. थंड मुलखात हेच तत्त्व उलटं वापरतात. बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून घरात सोडतात. त्याला हीट पंप म्हणतात. एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिट उष्णता मिळते.

अमेरिकेत ईरी सरोवराच्या काठी बफेलो शहर आहे. हिवाळ्यात गार वारा सरोवरावरून येताना वाफ उचलतो आणि काठावर बर्फ टाकतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये शहराच्या दक्षिणेला काही ठिकाणी ६ फुटांहून जास्त बर्फ पडला. अशा ओल्या गारठ्यात यंत्राच्या बाहेरच्या जाळीवर हिम धरतं, हवेची वाट बंद होते. ते वितळवायला यंत्र थोडा वेळ उलटं चालतं आणि घरातलीच उष्णता बाहेर घालवतं. कोरड्या थंडीत ही पाळी कमी येते. हवा जितकी दमट तितक्या या फेऱ्या जास्त, आणि झीजही जास्त. म्हणून तिथे यंत्र उंच घोडीवर बसवतात, खालून पाणी निघून जायला जागा ठेवतात, वाऱ्याला आडोसा करतात. पाणी गोडं असल्यामुळे समुद्रकाठचा मिठाचा गंज मात्र तिथे नाही.

कोणी म्हणेल, उष्णता पाण्यातूनच घ्या. झुरिचच्या नगरसभागृहात १९३८ साली लिम्मत नदीच्या पाण्यावर हीट पंप बसवला होता. जाळीवर हिम धरण्याचा प्रश्न तिथे नाही, पण नळ साफ ठेवावे लागतात. ईरी सरोवरात १९८० च्या दशकाअखेरीस पसरलेल्या झेब्रा शिंपल्यांनी पाणी घेणारे नळच चोंदवले.

तेव्हा यंत्राचं आयुष्य कारखान्यात ठरतं तितकंच जागेवर ठरतं. आपल्याकडे हिम नाही. धूळ आहे, जिनिंगजवळ उडणारी रुई आहे, मे महिन्यात ४५ अंशांचं ऊन आहे. जाळी चोंदली की उष्णता बाहेर पडत नाही, कॉम्प्रेसर तापतो, शेवटी जळतो. दूध नासतं आणि ते नुकसान आपल्याच खात्यावर पडतं.

म्हणून होकार देण्याआधी लिहून घ्या : चौथरा कोण बांधणार, वर सावली आणि बाजूंनी मोकळी हवा आहे का, जाळी कोण आणि किती दिवसांनी साफ करणार. उत्पादनखर्च काढताना बैलाची वैरण आपण सोडत नाही. यंत्राची निगाही सोडू नका.