हलव्याचे दागिने : हौस आणि हात



हीरक महोत्सवाच्या समारंभात हिऱ्यांविषयी बोलणे अधिक शोभले असते. आजच्या भाषणाचा विषय मात्र साखरेच्या दागिन्यांचा आहे. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत नव्या सुनेच्या, नव्या जावयाच्या आणि तान्ह्या बाळाच्या अंगावर जे पांढरेशुभ्र काटेरी दागिने चढतात, त्यांना ना सोनाराची भट्टी लागते ना तिजोरी. तिळाच्या एकेका दाण्यावर साखर चढवून आणि ते दाणे दोऱ्यात बांधून घरच्या बाईने ते घडवलेले असतात. काळ्या चंद्रकळेवर ते उठून दिसतात आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांची चमक जाते. इतक्या अल्पायुषी वस्तूसाठी इतके कष्ट का घ्यावेत, हा प्रश्न व्यवहारी माणसाला पडतो. त्याचे उत्तर हलवा कसा होतो हे पाहिल्यावरच थोडेफार हाती लागते.

हलव्याचे साहित्य अगदी मोजके आहे. साखर, पाणी, मळी काढण्यापुरते थोडे दूध आणि गाभ्यासाठी तीळ, खसखस, साबुदाणा किंवा मगजबी. साखरेचा पातळ एकतारी पाक करून तो गाळून घेतात. परातीत किंवा पसरट कढईत मूठभर तीळ अगदी मंद निखाऱ्यावर कोमट करतात आणि चमचाभर पाक सोडून बोटांनी हळुवार फिरवत राहतात. पाक वाळला की पुन्हा चमचाभर, पुन्हा फिरवणे. हे एका बैठकीत आटोपत नाही. पहाटेच्या थंडीत दोन-तीन तास, असे कित्येक दिवस चालते आणि मग तिळाचा ज्वारीएवढा, पुढे वाटाण्याएवढा दाणा होतो. विस्तव थोडा वाढला की चढलेली साखर सुटून तिची पिठी होते. पाक एकदम जास्त पडला की दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. डाव घालून घाईने ढवळले की काटे मोडून दाणा गुळगुळीत होतो. बोटांना चटका बसेल इतकी परात तापू द्यायची नाही, एवढेच येथले तापमापक. सराईत हात परातीवरच्या आवाजावरूनही ओळखतो. ओला दाणा मुकाट्याने सरकतो, वाळलेला खुळखुळतो.

काटा येतो तो थंडीमुळे, असे जुन्या बायका सांगत. त्यात तथ्य आहे, पण थंडीइतकाच, किंबहुना अधिक, कोरडेपणा महत्त्वाचा आहे. पाकातले पाणी लवकर उडून गेले की साखरेचे कण आधीच्या उंचवट्यांवर बसत जातात आणि ते उंचवटे पुढे वाढतात. हवा दमट असेल तर पाक पसरतो आणि काटा बुजतो. जपानमध्ये ‘कॉन्पेइतो’ नावाची काटेरी साखरगोळी अशाच रीतीने, तापलेल्या फिरत्या कढईत, आठ-पंधरा दिवस पाक चढवून करतात. ही मिठाई पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तेथे नेली. 1569 साली लुईस फ्रॉइस या धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या सरदाराला ती भेट दिल्याची नोंद आहे. एवढ्यावरून मराठी हलव्याचे मूळ पोर्तुगालात शोधण्याची घाई करू नये. साखर आणि उष्णता यांचे वागणे सर्वत्र सारखेच असते, एवढाच अर्थ त्यातून निघतो.

दाणा तयार झाला की खरे कसब सुरू होते. हलवा सुईने ओवता येत नाही. सुई टोचली की तो फुटतो. म्हणून पांढऱ्या दोऱ्याची सरकती गाठ करून तिच्यात दाणा बसवतात आणि गाठ ओढतात. काट्यांमुळे दोरा घसरत नाही. जो काटा शोभेसाठी आहे असे वाटते, तोच दागिना धरून ठेवतो. गाठ सैल राहिली तर दाणा निसटतो, जास्त आवळली तर दोन तुकडे होतात. अशा गाठींचे सर तयार झाले की पुठ्ठ्याच्या किंवा कापडाच्या आकारावर ते बसवून, सोनेरी जर, टिकल्या आणि मणी लावून दागिना पुरा करतात. अलीकडे गाठीऐवजी डिंकाने दाणे चिकटवण्याची रीत रूढ झाली आहे. काम झपाट्याने होते हे खरे; पण मग तो हलवा खाता येत नाही, आणि हलव्याच्या दागिन्याची अर्धी गंमत तो खाता येण्यात आहे.

या दागिन्यांची नावे मुद्दाम ऐकण्यासारखी आहेत. बिंदी, नथ, कुडी, बुगडी, चिंचपेटी, तन्मणी, ठुशी, वाकी, पाटल्या, तोडे, कंबरपट्टा. जावयासाठी हार, अंगठी, घड्याळ आणि हलव्याने मढवलेला नारळ. बाळासाठी मुकुट, बाजूबंद आणि कृष्णाची बासरी. सोन्यातली वाकी आज कितीजणींच्या हातावर दिसते? चिंचपेटी आणि पेट्यांचा हार यांतला फरक किती घरांत ठाऊक असतो? पण वर्षातून एकदा ज्या मुलीला पुठ्ठ्यावर वाकीचे वळण कापावे लागते, तिला तो शब्द पाठ करावा लागत नाही. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांची मराठी बहुधा स्वयंपाकघर आणि देव्हारा यांच्यापुरती आक्रसते, ही अशा शाळांतील प्रत्येक भाषाशिक्षकाची जुनी तक्रार. दोरा, गाठ, सर, पेड, पदर, जर, बेगड, फासा हे शब्द पुस्तकातून शिकवायचे म्हटले तर एक तास पुरत नाही आणि दुसऱ्या दिवशी ते विसरले जातात. हातात काम असेल तर ते आपोआप तोंडी बसतात.

महाराष्ट्राबाहेर हा उद्योग करणाऱ्यांना हवेशी वेगळा करार करावा लागतो. इंदूर आणि बडोद्याचा जानेवारी कोरडा, म्हणून तेथे काटा छान येतो. ग्वाल्हेरला थंडी कडाक्याची, पण धुके पडले की परातीतला दाणा दुपारपर्यंत ओलाच राहतो. तंजावर-चेन्नईकडे ईशान्य मोसमी पावसाचा दमटपणा पुरता हटलेला नसतो. अशा ठिकाणी तयार दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात, तांदळाची पुरचुंडी घालून ठेवतात आणि दागिना अगदी आयत्या वेळी बांधतात. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र सर्वत्र सारखाच करावा लागतो.

परप्रांताने काही घेतले तसे काही दिलेही आहे. कर्नाटकात संक्रांतीला ‘एळ्ळु-बेल्ल’ वाटतात, म्हणजे तीळ, गूळ, खोबरे, शेंगदाणे यांचे मिश्रण, आणि त्याबरोबर साच्यातली साखरेची चित्रे, ‘सक्करे अच्चु’. तेलुगू घरांत भोगीच्या दिवशी लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे ओततात, त्याला ‘भोगी पळ्ळु’ म्हणतात. बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलवा ओतून होणारे मराठी बोरनहाण त्याचे सख्खे भावंड वाटावे इतके जवळचे आहे. हैदराबादेतल्या मराठी घरी बोरनहाण असले की शेजारच्या तेलुगू आजीला ते समजावून सांगावे लागत नाही. उलट बोरे कशी टाकावीत याच्या दोन सूचना तीच देते.

येथवरचे सगळे गोड आहे. पण या दागिन्यांच्या वाट्याला काही कडू गोष्टीही आल्या आहेत आणि महोत्सवी ग्रंथ असला म्हणून त्या वगळणे बरे नव्हे. जुन्या एकत्र कुटुंबांत पहाटे शेगडीपाशी बसून बोटे भाजून घेणारी बाई कोण असे? बहुधा विधवा आत्या, मावशी किंवा चुलती. तिच्यापाशी वेळ आहे असे गृहीत धरलेले असे. तिने बांधलेला तन्मणी सुनेच्या गळ्यात पडे आणि हळदीकुंकू सुरू झाले की तिने आतल्या खोलीत बसावे, अशी रीत होती. ज्या हातांनी ते शुभकार्य सजवले, त्यांनाच तेथे मज्जाव. ही रीत आता अनेक घरांनी मोडली आहे. काही ठिकाणी हळदीकुंकवाऐवजी केवळ तिळगूळ समारंभ होतो आणि त्याला सर्व स्त्रिया येतात. पण सर्वत्र मोडली आहे असे म्हणणे खरे होणार नाही. परंपरा जपावी असे म्हणणाऱ्यांनी तिच्यातले काय जपायचे आणि काय टाकायचे, हे या एका उदाहरणावरून तरी ठरवायला हरकत नाही. काटा जपावा, मज्जाव टाकावा.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण स्त्रियांच्या हस्तकौशल्याबाबत फार सोयीची ठरली आहे. हौसेचे मोल करता येत नाही, हा तिचा मूळ भाव. व्यवहारात मात्र ‘हौस आहे, म्हणून पैसे देण्याचे कारण नाही’ असा अर्थ लावला जातो. एखादी हौशी बाई नात्यागोत्यात दागिने करून देते. मग ओळखीच्या ओळखीतून मागणी येते. साखर, जर आणि पुठ्ठा यांचा खर्च सांगितला की समोरचा मान हलवतो. पंधरा पहाटांचा हिशेब सांगितला की त्याला ते महाग वाटते. स्वतः तिलाही तो सांगताना अवघडल्यासारखे होते, आणि हे अवघडलेपण मोठ्या कौतुकाने ‘संस्कार’ या नावाखाली खपवले जाते. नातवंडासाठी केलेल्या बासरीचे पैसे कोणी मागू नयेत हे ठीक. परंतु परक्या घरच्या समारंभासाठी रात्रंदिवस बसणाऱ्या बाईला वेळेचे पैसे मिळाले म्हणून तिची हौस कमी होत नाही. चित्रकाराने चित्र विकले तर तो हौशी राहिला नाही म्हणून कोणी हळहळत नाही.

बाजारात आता तयार संच मिळतात, आणि प्लॅस्टिकचे पांढरे मणी लावून केलेले ‘हलव्याचे’ दागिनेही. नोकरी करणाऱ्या आईने तयार संच आणला तर तिला दूषण देण्याचे कारण नाही. तिळाऐवजी प्लॅस्टिक आले की मात्र सणाचा गाभाच हरवतो. सजावटीच्या बाबतीत हे एकदा घडून गेलेले आहे. पूर्वी मखर आणि बाशिंग भेंडाचे असे. पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपाचा हा हलका पांढरा गाभा, बंगालमध्ये त्यालाच शोला म्हणतात आणि नवरदेवाचा टोपर अजूनही त्याचाच करतात. मराठी घरांत मात्र त्याची जागा थर्माकोलने घेतली, आणि भेंड कोरणारे हात एका पिढीत कमी झाले. पुढे 2018 साली महाराष्ट्राने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली आणि 1 जुलै 2022 पासून ती देशभर लागू झाली. तेव्हा मखरासाठी पुन्हा कागद, कापड आणि बांबूची शोधाशोध सुरू झाली. बंदीमुळे थर्माकोल गेला. भेंडाची कला त्याबरोबर परत आली नाही.

शाळेचा संबंध येथे येतो. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाचा पाया मानले. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. प्रत्यक्षात पुष्कळ शाळांत तो तास परीक्षा जवळ आली की गणिताला दिला गेला, आणि जेथे राहिला तेथे मुलींना सुई व मुलांना लाकूडकाम अशी वाटणी झाली. मुलग्यांची बोटे गाठ मारण्यास कमी पडतात असा काही निसर्गनियम नाही. पतंगाला कन्नी बांधणारा मुलगा हलव्याची गाठ दहा मिनिटांत शिकतो. आजोबांनी पुठ्ठे कापावेत, मुलाने गाठी माराव्यात आणि आईने पाक पाहावा, अशी वाटणी आता काही घरांत दिसू लागली आहे.

ज्यांना यंदा आरंभ करायचा असेल त्यांनी डिसेंबरच्या मध्यास परात बाहेर काढावी. पहिली खेप बहुधा चिकटते. ती दुधात टाकून संपवावी आणि दुसरी खेप आणखी मंद आचेवर घ्यावी. पहिल्या वर्षी कंबरपट्ट्याच्या वाटेला जाऊ नये. बाळाचा बाजूबंद किंवा आठ-दहा दाण्यांची नथ पुरे. दोरा मात्र पांढराच घ्यावा. कच्च्या रंगाचा दोरा दमट हवेत साखरेला डाग लावतो.