वजनकाटा आणि रात्रीचा श्वास

(वार्षिक समारंभात केलेल्या भाषणावरून)



अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांच्या नात्यागोत्यात कोणी ना कोणी डायलिसिसवर आहे. असा रुग्ण दुपारी बसल्या बसल्या पेंगतो. घरचे म्हणतात, डायलिसिसचा थकवा आहे. पुष्कळदा तसे असतेही. परंतु काही वेळा कारण रात्रीच्या झोपेत दडलेले असते आणि त्याचा वजनाशी संबंध असतो.

झोपेत घशाचा मार्ग मिटतो, श्वास 10 सेकंद किंवा त्याहून अधिक थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो, माणूस अर्धवट जागा होतो व पुन्हा घोरू लागतो. यास स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. हा प्रकार दर तासाला 15 वेळा किंवा अधिक होऊ लागला, की दुखणे किरकोळ राहत नाही. आपल्या मुंबईतच, माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी 35 ते 65 वर्षांच्या पुरुषांची पाहणी करून 2004 साली ती प्रसिद्ध केली. झोपेतील श्वासाचा बिघाड 19.5 टक्क्यांत आढळला. वजन, मानेचा घेर आणि मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध दिसला. हे पुरुष मूत्रपिंडाचे रुग्ण नव्हते, हे ध्यानात घ्यावे.

डायलिसिसच्या रुग्णात आणखी एक गोष्ट येऊन मिळते. ती म्हणजे पाणी. लघवी कमी झाल्याने दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत दोन-तीन किलो पाणी अंगात साठते. दिवसा ते पायांत उतरते. रात्री आडवे झाल्यावर त्यातले काही मानेकडे सरकते व घशाचा मार्ग अरुंद करते. म्हणून अंगाने सडपातळ रुग्णासही हा विकार जडू शकतो. टोरोंटोतील डॉक्टरांनी 14 रुग्णांना नेहमीच्या डायलिसिसऐवजी घरी रात्रभराचे डायलिसिस दिले, तेव्हा श्वासाच्या अडथळ्यांची सरासरी तासाला 25 वरून 8 वर आली. हा अहवाल 2001 सालचा आहे.

आता काट्याची गंमत पाहा. गंमत कसली, फसवणूकच ती. जादा पाणी काढल्यावर जे वजन उरावयास हवे, त्यास ‘ड्राय वेट’ म्हणतात. समजा, ते 62 किलो ठरविले आहे. आजारपणात जेवण तुटले आणि तीन किलो मांस झडले. काटा मात्र डायलिसिसनंतर 62 च दाखवितो, कारण झडलेल्या मांसाची जागा पाण्याने घेतली. घरचे समाधानी असतात, आणि इकडे रात्रीचे घोरणे वाढते, सकाळी डोके दुखते, रक्तदाब उतरत नाही. उलट, भूक सुधारून अंग भरले तर जुन्याच आकड्यापर्यंत पाणी ओढल्याने पायांत गोळे येतात. म्हणून हा आकडा कायमचा नसतो. जेवण कमी झाले, कपडे सैल झाले, की युनिटमध्ये आपण होऊन सांगावे. गर्दीच्या पाळीत तंत्रज्ञ विचारीलच असे नाही.

वजन कमी करावयाचे म्हणून उपाशी राहणे मात्र सर्वस्वी चूक. डायलिसिसवरील रुग्णास प्रथिने अधिक लागतात. इतर लोकांत स्थूलपणा आयुष्य घटवितो. या रुग्णांच्या पाहण्यांत मात्र अंगाने भरलेले लोक अधिक जगलेले दिसतात आणि खंगलेल्यांचा धोका मोठा. वजन उतरवावयाचे ते आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने, सावकाश. खरी काटछाट मिठाची हवी. पापड, लोणचे, फरसाण यांनी तहान लागते, मग पाणी. बाजारातील ‘कमी सोडियम’चे मीठ तर घेऊच नये, त्यात पोटॅशियम असते, आणि ते या रुग्णांचे हृदय बंद पाडू शकते.

या विकाराचा साक्षीदार रुग्ण नसतो, शेजारी झोपणारा असतो. आपल्या एका खोलीच्या संसाराचा हा एक फायदाच म्हणा! श्वास थांबताना कोणी पाहिला असेल तर त्याने पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत जावे. झोपेची तपासणी घरीही होऊ शकते. डायलिसिसच्या आदल्या व नंतरच्या रात्रीचे निकाल निराळे येऊ शकतात, म्हणून कोणत्या रात्री करावी हे विचारून घ्यावे. विकार ठरल्यास नाकावर मुखवटा लावून हवेचा दाब देणारे सीपॅप यंत्र आहे. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी 1981 साली ते पुढे आणले. आणि तोपर्यंत, झोप नीट लागत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून झोपेची गोळी आणून देऊ नका. तिने घसा आणखी सैल पडतो.