दारावरून गेलेला शोध



‘मानवी इतिहासातील शोध’ हा आजचा विषय. विषय अफाट आणि वेळ थोडा. चाकापासून संगणकापर्यंतच्या शोधांची नुसती नावे घ्यावयाची म्हटली तरी व्याख्यानमालेचे सारे दिवस पुरावयाचे नाहीत. म्हणून आम्ही एकच शोध निवडला आहे. डोंबिवलीकरांपुढे बोलताना तो कोणता, हे सांगावयास नकोच. तो म्हणजे आगगाडी.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि ओढावयास तीन इंजिने. ३४ किलोमीटरची ही वाट गाडीने तासा-सव्वा तासात कापली. ही गाडी केवळ साहेबाने आणली, असे मात्र समजू नये. तिच्यासाठी खटपट करणाऱ्या पुढाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट होते, आणि त्यांचा जन्म आपल्याच ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचा.

पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. आता डोंबिवली आहे कोठे? ठाणे आणि कल्याण यांच्या मध्ये. अर्थात गाडी डोंबिवलीच्या शिवारातून धावू लागली. पण डोंबिवलीला स्थानक झाले ते १८८७ साली. म्हणजे तेहतीस वर्षे त्या शतकातील सर्वांत मोठा शोध आपल्या गावावरून धूर सोडीत जात होता, आणि गावकरी भाताच्या खाचरात उभे राहून तो पाहत होते. शोध दारावरून जाणे निराळे आणि दारात थांबणे निराळे. आज आम्हांला जे सांगावयाचे आहे, ते एवढेच आहे.

गाडी थांबू लागली आणि मग मात्र तिने आपल्याला अंतर्बाह्य बदलले. पूर्वी आपल्याकडे काळ मोजावयास घटिकापात्र असे. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे २४ मिनिटे. लग्नाचा मुहूर्त सोडला तर त्याहून बारीक हिशेबाची गरज सामान्य संसारी माणसाला क्वचितच पडे. आगगाडीला हे चालणारे नव्हते. एकाच रुळावर समोरासमोरून दोन गाड्या यावयाच्या, तर दोन्ही स्थानकांतील घड्याळे एकच वेळ दाखवीत असली पाहिजेत; नाही तर प्राणाशी गाठ. सूर्य तर प्रत्येक गावी निराळ्या वेळी माथ्यावर येतो. म्हणून तारायंत्राने वेळ कळवून घड्याळे जुळविण्याची रीत पडली. १ जानेवारी १९०६ पासून ह्या देशाची एक प्रमाणवेळ ठरली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे होती, आणि ती सोडावयास मुंबईकरांनी बराच काळ विरोध केला. आज ते विसरून गेले आहे. आज डोंबिवलीकर ‘आठ-बाराची’ आणि ‘आठ-एकोणीसची’ अशा नावांनी दिवस ओळखतो. पळापळाचा हिशेब ज्योतिष्याच्या पंचांगातून निघाला आणि गृहिणीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला!

एक साधे गणित मांडून पाहू. घरापासून कचेरीपर्यंत जाऊन-येऊन रोज तीन तास, वर्षाचे ३०० दिवस, नोकरीची ३५ वर्षे. एकतीस हजार पाचशे तास झाले. म्हणजे रात्रंदिवस मिळून साडेतीन वर्षांहून अधिक आयुष्य गाडीत गेले. त्यातही आपल्या माणसांनी भजनी मंडळे काढली, पुस्तके वाचली, भाजी निवडली, सुखदुःखे वाटून घेतली. यंत्राने वेळ घेतला, माणसांनी त्यात संसार थाटला.

परंतु ज्याला आत पाऊल ठेवावयासही जागा नाही, त्याचे काय?

येथे अमेरिकेतील एक हकीकत सांगतो. पूर्वी तेथे मालगाडी थांबवावयाची म्हणजे कामगारांनी धावत्या डब्यांच्या टपांवरून जाऊन हातांनी ब्रेक आवळावे लागत. पाऊस असो, बर्फ असो, पाय घसरला की संपले. १८६९ साली जॉर्ज वेस्टिंगहाउसने हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. इंजिनात बसून साऱ्या गाडीला ब्रेक लावता येऊ लागला. पण सर्व गाड्यांना तो लावलाच पाहिजे असा कायदा झाला १८९३ साली. चोवीस वर्षे शोध हाती होता, तरी माणसे टपांवरून पडतच होती.

ही परक्यांची गोष्ट नव्हे. आपोआप बंद होणाऱ्या दारांची वातानुकूलित लोकल २५ डिसेंबर २०१७ रोजी पश्चिम रेल्वेवर धावली, पुढे आपल्या मध्य रेल्वेवरही आली. आणि ९ जून २०२५ रोजी, सकाळच्या गर्दीत, मुंब्र्याजवळ उघड्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. काही प्राणास मुकले. बंद होणाऱ्या दाराचा शोध तेव्हा अस्तित्वात होता. त्यांच्या डब्याला तो नव्हता. १८५४ च्या गाडीप्रमाणे तो त्यांच्यावरून निघून गेला होता.

साध्या डब्याला नुसते दार लावून भागत नाही. आत हवा खेळली पाहिजे, गाड्या वाढल्या पाहिजेत, हे आम्हांलाही कळते. पण सारेच उपाय लोखंडाचे नसतात. सर्व कचेऱ्यांनी एकाच ठोक्याला उघडावे, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? कचेऱ्यांच्या वेळा पुढेमागे करणे, लेटमार्कच्या दोन मिनिटांसाठी कोणाला दारात लोंबकळावे न लागणे, हाही एक शोधच होय. आणि त्यास कारखाना लागत नाही.

शोध लावणे हे थोड्यांचे काम. तो शेवटच्या माणसाच्या दारात थांबविणे हे समाजाचे, म्हणजे तुमचे-आमचे काम. डोंबिवलीने एकदा तेहतीस वर्षे वाट पाहिली. पुन्हा तितकी वाट पाहू नये, एवढे विनवून आम्ही आपली रजा घेतो.