दुसऱ्याचे पत्र

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)



वाचनाविषयी चार शब्द बोला, असे मला सांगण्यात आले आहे. या विषयावर बोलणारा मनुष्य सहसा थोर ग्रंथांची यादी घेऊन उभा राहतो. कुरआनातील पहिला आदेश वाचण्याचाच होता, येथून सुरुवात करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे, आणि ते खरेही आहे. पण त्यावर टाळ्या वाजवून घरी गेल्यावर आपण किती वाचतो, हा प्रश्न मी विचारणार नाही. कारण मग तो मलाही विचारला जाईल. मी तुम्हांला माझ्या पहिल्यावहिल्या वाचनाची हकिकत सांगणार आहे. ते वाचन पुस्तकांचे नव्हते. ती दुसऱ्यांची पत्रे होती.

आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. कोकणातल्या आपल्या गावांची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. घरटी एक पुरुष बाहेर. पूर्वी कोणी बोटीवर खलाशी, कोणी आफ्रिकेत. पुढे १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि कुवेत, दुबई ही नावे आम्हांला तालुक्याच्या गावापेक्षा जवळची झाली. गावात राहत म्हातारी माणसे, बायका आणि आम्ही मुले. मी मराठी शाळेत सातवीत होतो आणि मशिदीतल्या मौलवीसाहेबांकडे उर्दू वाचायला शिकलो होतो. दोन्ही लिप्या येत असल्यामुळे मला भारी मागणी असे. पोस्टमन येऊन गेला की कोणी ना कोणी हाक मारी. मेहनताना म्हणून सांदणाचा एक तुकडा ठरलेला.

आता ही पत्रे कशी असत ते ऐका. पुष्कळदा पाठवणाऱ्यालाही लिहिता येत नसे. त्याच्या खोलीतला कोणी शिकलेला गडी लिहून देई. म्हणजे सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, वाचणारा तिसरा, आणि ऐकायला सासूसकट सारे घर ओटीवर जमलेले. नवराबायकोच्या बोलण्याला त्यात जागा कोठे असणार? म्हणून सगळी पत्रे एकाच वळणाची. आधी सलाम, मग येथे सर्व खुशाल, मग ड्राफ्ट किती रुपयांचा पाठवला, पावसाच्या आत कौले परतून घ्यावीत, आणि शेवटी ज्यांना ज्यांना सलाम सांगायचा त्यांची लांबलचक यादी. या यादीत एखादे नाव राहून गेले तर ते माणूस चार दिवस फुगून बसे. तेव्हा मी आपल्याच मनाने राहिलेली नावे वाचून टाकीत असे. वाचनातून केलेली ही माझी पहिली भलाई, की पहिली लबाडी, याचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही.

आमच्या शेजारी एक खाला राहत. त्यांचे मालक कुवेतला होते. एके दिवशी त्यांचे पत्र आले आणि मी ते भराभर वाचू लागलो. शाळेत जलद वाचणाऱ्याला शाबासकी मिळे, त्यामुळे थांबायचे ते कशाला? शेवटी एक ओळ होती. सुटीवर येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर दोनशे रुपये वेगळे पाठवत आहे, ते फक्त तुझ्यासाठी आहेत, घरात बोलू नकोस. या ओळीचा अर्थ माझ्या ध्यानात आला तेव्हा ती तोंडातून बाहेर पडून गेली होती.

ओटीवर कोणी काही बोलले नाही. सासूबाई उठून आत गेल्या. खालांनी माझ्या हातातले पत्र घेतले, घडी घातली आणि म्हणाल्या, "झालं बेटा, पुरे." आणि नेहमीप्रमाणे सांदण आणून दिले. ते मला गिळवले नाही. पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून जे बोलणे ऐकू येई, ते येथे सांगत नाही. एवढेच सांगतो, की खालांनी पुन्हा मला पत्र वाचायला बोलावले नाही.

माझ्या दादीला अक्षर येत नव्हते. तिला सगळे समजले होते. ती रागावली नाही, म्हणाली, "आधी डोळ्यांनी वाचावं, मग तोंडानं." अमानत हा शब्द आपण पैशाला, दागिन्याला लावतो. दुसऱ्याचा शब्दही तशीच अमानत असतो, हे मला तेव्हा कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

त्याच पावसाळ्यात मी दादीला 'श्यामची आई' वाचून दाखवले. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे तिला सांगितले, पण तिला त्याचे काही वाटले नाही. ती बाई आपल्या दापोलीकडच्या पालगडची, हे कळल्यावर मात्र ती सावरून बसली. पोहायला घाबरणाऱ्या मुलाला आई शिंपटीने मारून विहिरीवर धाडते, तेथे मी थांबलो, कारण मला वाटले दादीला वाईट वाटेल. ती म्हणाली, "बरोबर केलं तिनं. खाडीकाठच्या पोराला पोहता यायलाच हवं." थोरामोठ्यांची पुष्कळ परीक्षणे मी नंतर वाचली, पण हे विसरलो नाही.

तुम्ही म्हणाल, आता पत्रे कोठे राहिली? खरे आहे. खालांच्या नाती मोबाईलवर चेहरा पाहून बोलतात. पण बँकेत पैसे भरण्याची स्लिप पुढे करून "जरा लिहून देता का" म्हणणारे माणूस तुम्हांला आजही भेटेल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील स्त्रियांची साक्षरता सुमारे ७६ टक्के भरली, म्हणजे जवळजवळ चौघींत एक मागे राहिली होती. अशी कोणी तुमच्यापुढे आली, तर रक्कम मोठ्याने विचारू नका. दवाखान्याचा कागद असेल तर बाजूला घेऊन वाचा. आणि तिला वेळ असेल तर सही कशी करायची तेही दाखवा, मग तुमची बस चुकली तरी चालेल.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे आमच्या गावातही शाळेच्या पडवीत रात्रीचा वर्ग निघाला. हजेरीपटावर नावे भरपूर, प्रत्यक्षात बायका थोड्या. कंदिलाला तेल नसे, भाताची कापणी आली की त्याही गळत. खाला गळल्या नाहीत. या वयात हे काय खूळ, असे लोक म्हणत. मी काही बोलत नसे.

पुढे मी कॉलेजात असताना ईदला घरी आलो होतो. वाटेत पोस्टमनने सवयीप्रमाणे खालांचे पत्र माझ्याच हातात दिले. मी ते नेऊन दिले. त्यांनी माझ्यादेखत पाकीट फोडले. आतले अक्षर खोलीतल्या त्या शिकलेल्या गड्याचे नव्हते. मोठे, वाकडेतिकडे, ओळ सोडून खाली घसरणारे मराठी अक्षर होते. खाला बराच वेळ त्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्यापुढे चहा ठेवून त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतले. आतून एकेक अक्षर जुळवल्याचा आवाज येऊ लागला. मी चहा तसाच ठेवून ओटीवरून खाली उतरलो.