ईयोबाचे तीन मित्र

एखाद्या घरी कोणी वारलं की आपण भेटायला जातो. चपला दाराबाहेर काढतो, आत जाऊन बसतो आणि दोन मिनिटांत आपल्याला वाटू लागतं, की आता काहीतरी बोलायला हवं. मग कोणीतरी उसासा टाकून म्हणतं, ‘देवाची इच्छा!’ आम्हा ख्रिस्ती माणसांकडे या वाक्याची आणखी रूपं आहेत. प्रभूला आवडला म्हणून लवकर नेला, देव तुमची परीक्षा पाहतो आहे, वगैरे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण जिचं नऊ वर्षांचं मूल डेंग्यूनं गेलं, त्या आईला यातून एवढंच ऐकू येतं, की देवानं माझं मूल उचलून नेलं. बोलणारे आपापल्या घरी जातात. ती मात्र त्याच देवाबरोबर त्या घरात उरते.

अनेकांचा असा समज असतो, की ख्रिस्ती धर्माला दुःखाचं कौतुक आहे. चर्चमध्ये समोरच क्रूस टांगलेला दिसतो, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. मला विचाराल तर या बाबतीत बायबलमधलं सगळ्यात प्रामाणिक पुस्तक ईयोबाचं आहे. ऊस देशातला हा सज्जन आणि सधन गृहस्थ. 7 हजार मेंढरं, 3 हजार उंट, 7 मुलगे, 3 मुली. एका दिवसात सगळं जातं. पुढे अंगभर फोड उठतात आणि तो राखेत बसून खापरीनं अंग खाजवत राहतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे तीन मित्र भेटायला येतात. त्याची दशा पाहून त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात.

इथपर्यंत ते फार चांगले मित्र आहेत. बिघडतं ते नंतर, त्यांनी तोंड उघडल्यावर. तुझ्या हातून काही पाप घडलं असणार, त्याशिवाय एवढं का होईल, हाच मुद्दा ते फिरवून फिरवून मांडतात. ईयोब चिडतो. माझी बाजू ऐकून घ्या म्हणून थेट देवाशी भांडण काढतो. बेचाळीस अध्यायांच्या या पुस्तकाचा शेवट मला आजही थक्क करतो. देव रागावतो तो या तीन धार्मिक मित्रांवर, आणि माझ्याविषयी योग्य ते ईयोबच बोलला, असा निर्वाळा देतो. ईयोबाला मात्र त्याच्या दुःखाचं कारण कधीच सांगितलं जात नाही. शेवटी त्याची गुरंढोरं दुप्पट होतात, मुलं मात्र पुन्हा तेवढीच, 7 आणि 3. मेंढरं दुपटीनं भरून निघतील, गेलेल्या मुलांची भरपाई कशी होणार? लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं की काय, कोण जाणे.

येशूपुढेही हा प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली होती. ती इतर यरुशलेमकरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का, असं त्यानंच लोकांना विचारलं, आणि उत्तरही दिलं : नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तिथंही उत्तर तेच : दोघांचंही नाही. ही खोड काही फक्त जुन्या काळातली नाही. 1934 साली बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे असं खुद्द गांधीजी म्हणाले, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर हरकत घेतली. अस्पृश्यता हे पापच, यावर दोघांचं एकमत होतं. पण ढिगाऱ्याखाली सापडलेल्या लेकरांच्या माथी ते मारायचं का, हा प्रश्न उरतोच.

मग श्रद्धावंतानं करायचं काय? माझं म्हणणं, आधी मोकळेपणी तक्रार करावी. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत. स्तोत्र म्हटलं की आपल्याला स्तुती आठवते, पण यातली कितीतरी चक्क गाऱ्हाणी आहेत. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेचा शब्द नाही. तरी पूर्वजांनी ते वगळलं नाही. मराठी माणसाला हे परकं वाटू नये. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाशी किती हुज्जत घातली आहे! नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, पण आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. मला तर ही वाट या भांडणाच्या गल्लीतूनही जात असावी असं वाटतं.

हल्ली काही सभांमधून वेगळाच उपदेश कानावर येतो. विश्वास ठेवा, आजार जाईल, धंद्याला बरकत येईल. आणि आजार गेला नाही तर? मग तुमचा विश्वास कमी पडला! म्हणजे ईयोबाचे मित्र पुन्हा हजर, या वेळी माईक घेऊन. प्रेषित पौलाला एक शारीरिक पीडा होती. ती जावी म्हणून त्यानं तीनदा प्रार्थना केली, पण ती गेली नाही. आता पौलाचाही विश्वास कमी पडला म्हणायचं का?

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर मी पंडिता रमाबाईंचं देईन. 1874 च्या सुमारास दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण पाठोपाठ गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये कॉलऱ्यानं पती गेले, तेव्हा रमाबाईंना 24 वं वर्षही पुरं झालं नव्हतं आणि कडेवर मनोरमा होती. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या. केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. तिथं विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम, छापखाना सुरू झाला, अंध मुलींना शिकवण्याची सोय झाली.

यावर भाविकपणे असं म्हटलं जातं, की देवानं रमाबाईंना उपास घडवले ते पुढे या मुलींना वाचवण्यासाठीच. मला हे पटत नाही. मुलीला धडा मिळावा म्हणून देव तिच्या आईबापांना उपाशी मारील, हा फारच कोता हिशेब झाला. भूक म्हणजे काय हे रमाबाईंना ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्याची भूक पाहून त्या घरी बसू शकल्या नाहीत, एवढं मला पुरतं. जुलै 1921 मध्ये मनोरमाही गेली. रमाबाईंनी तेव्हा बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलेलं होतं. ते त्यांनी पुरं केलं आणि एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या. लेक गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्या हस्तलिखितापुढे कशा बसल्या असतील, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

सुखाबद्दल दोन शब्द. येशूनं शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीची मागणी आहे. मराठी बायबलमध्ये शब्द ‘भाकर’ असाच आहे, आणि ती मागायची फक्त आजच्यापुरती. वर्षाचं धान्य भरून ठेवणाऱ्या आपल्या गृहिणींना हे जरा बेजबाबदारपणाचं वाटेल. त्यांनी धान्य जरूर भरावं. पण ज्याच्या घरी दुःख झालं आहे त्याला पुढचं वर्ष पेलत नाही, आजचा दिवस कसाबसा पेलतो. शेजारीण तिसऱ्या दिवशीही डबा घेऊन येते, चुलत भाऊ मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभा राहतो, तेव्हा ती आजची भाकरच असते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी एक प्रसंग आहे. गुरूच्या मरणानं हबकलेले शिष्य आपल्या जुन्या धंद्याला, मासेमारीला लागले आहेत. रात्रभर जाळं टाकूनही काही लागलेलं नाही. पहाटे किनाऱ्यावर कोणीतरी उभा दिसतो. त्याच्या सांगण्यावरून ते पुन्हा जाळं टाकतात आणि ते भरतं. मग ओळख पटते. मरणातून उठलेला येशू तिथं उपदेश करत बसलेला नाही. त्यानं निखारे पेटवलेत, वर मासळी भाजत ठेवली आहे, भाकरी आहे, आणि तो म्हणतो आहे, या, न्याहारी करा. योहानानं जाळ्यातल्या माशांचा आकडाही देऊन ठेवला आहे, 153. विद्वानांनी या आकड्याचे नाना गूढ अर्थ लावले आहेत. मला आपलं वाटतं, वसईच्या कोणा कोळ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, अहो, जाळं भरून आलं की मोजायचेच असतात.